‘हे खरं कशावरून?’ या प्रश्नाला गुण देण्याचा इतिहास

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरावी-बारावी करणाऱ्या मुलांच्या बोलण्यात ‘टीओके’ हा शब्द सारखा येतो. पूर्ण नाव थिअरी ऑफ नॉलेज. या विषयाची वर्षाखेरीस लेखी परीक्षा नसते. ४५ गुणांच्या डिप्लोमात सहा विषयांचे मिळून ४२ गुण असतात. उरलेले तीन टीओके आणि दीर्घ निबंध या दोघांत मिळून मिळतात. तरीही टीओकेला ‘ई’ ही सर्वांत खालची श्रेणी आली तर अख्खा डिप्लोमा हातचा जातो. बाकीच्या तासांना जे शिकवलं जातं ते खरं कशावरून मानायचं, एवढंच इथे विचारायचं असतं. माझ्या मते शाळेने विचारावा असा याहून मोठा प्रश्न नाही. पण त्याला गुण कसे द्यायचे, याची झटापट पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे.

तिची सुरुवात जिनिव्हात झाली. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. वर्षानुवर्षं एका बाकावर बसलेली मुलं शेवटच्या वर्गांत मात्र वेगळी व्हायची. कुणाला फ्रान्सची परीक्षा, कुणाला स्वित्झर्लंडची, कुणाला इंग्लंडची. सगळ्या देशांतली विद्यापीठं मानतील अशी एकच परीक्षा असावी, या गरजेतून १९६८ मध्ये आयबीची संघटना उभी राहिली. फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्थांनी पैसा दिला.

गरज प्रवेशाची होती, ज्ञानमीमांसेची, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं या चौकशीची नव्हती. ही चौकशी आणली ॲलेक पीटरसन यांनी. ते ऑक्सफर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाचे प्रमुख आणि आयबीचे पहिले महासंचालक. इंग्लंडमध्ये तेव्हा सोळाव्या वर्षी मूल तीन विषय निवडायचं आणि बाकीच्यांशी त्याचा संबंध सुटायचा. १९५९ च्या क्राउदर अहवालाने या लवकरच्या विशेषीकरणाची पाठराखण केली. पीटरसन यांनी दुसऱ्याच वर्षी त्याविरुद्ध अहवाल मांडला. नुसते विषय वाढवून भागणार नाही, गणितातला विचार आणि इतिहासातला विचार वेगळे का, हे मुलाला स्वतःला उमगलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान शिकवायची जुनी प्रथा होती, तीही त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

पीटरसन यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात ते आग्नेय आशियात मानसशास्त्रीय युद्धाच्या, म्हणजे प्रचाराच्या कामात होते. पुढे १९५२ ते १९५४ या काळात मलायात वसाहत सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख होते. लोकांच्या मनात एखादी गोष्ट ‘खरी’ म्हणून कशी रुजवतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. असा माणूस सतरा वर्षांच्या मुलांसाठी ‘तुला हे कसं कळलं?’ विचारणारा तास ठेवतो, ही बाब मी सहजी बाजूला टाकू शकत नाही.

परीक्षा १९७० पासून रीतसर सुरू झाल्या. भारतात ही पद्धत १९७६ मध्ये कोडाईकनालच्या शाळेत आली, आणि १९९७ मध्ये पुण्याजवळ मुळशीत महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. आता मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मराठी घरांत टीओकेचा निबंध रात्री जागून लिहिला जातो.

शिकवण्यासाठी चौकट लागतेच. बरीच वर्षं ती चार ‘ज्ञानमार्गां’ची होती: इंद्रियांनी होणारं आकलन, भाषा, तर्क आणि भावना. २०१५ च्या परीक्षेपासून त्यात कल्पना, श्रद्धा, अंतःप्रेरणा आणि स्मृती यांची भर पडून आठ झाले. भारतीय तत्त्वज्ञानातल्या न्यायदर्शनाची प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, ज्याला ठाऊक आहेत, त्याला या यादीतली उणीव लगेच खटकेल. यात ‘शब्द’ नाही, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञान नाही. खरं तर शाळकरी मुलाला जे माहीत असतं, त्यातलं बहुतेक शब्दप्रमाणच असतं. पाण्याचा रेणू त्याने पाहिलेला नसतो, पानिपताला तो हजर नसतो. बाईंनी सांगितलं, पुस्तकात छापलं, म्हणून ते खरं. कुणाचा शब्द मानायचा आणि का, हाच प्रश्न त्याच्या वयाला सर्वांत जवळचा, आणि नेमका तोच यादीबाहेर राहिला.

शिवाय यादी आली की पाठांतर आलंच. ‘इथे तर्क वापरला, इथे भावना’ अशी लेबलं चिकटवून निबंध उरकता येऊ लागला. २०२० च्या नव्या आराखड्यात ज्ञानमार्गांची सक्ती गेली. ‘ज्ञान आणि जाणणारा’ हा गाभा आला, तंत्रज्ञान, भाषा, राजकारण, धर्म आणि आदिवासी-मूलनिवासी समाज यांतले दोन विषय निवडायचे, आणि इतिहास, मानवी-सामाजिक शास्त्रं, निसर्गविज्ञान, कला, गणित ही पाच क्षेत्रं सगळ्यांना. मला हा बदल योग्य वाटतो.

मूल्यमापनाचं दुखणं याहून खोल. १,६०० शब्दांचा निबंध बाहेरचे परीक्षक तपासतात आणि त्याला दोन-तृतीयांश वजन आहे. उरलेला भाग पूर्वी वर्गातल्या तोंडी सादरीकरणाचा होता. गुण शिक्षक द्यायचे, पण त्यांची बाहेरून पडताळणी व्हायची ती सादरीकरण पाहून नव्हे, मुलांनी भरलेल्या नियोजनाच्या फॉर्मवरून. मूल वर्गात अडखळत, स्वतःचंच म्हणणं खोडून काढत विचार करायचं, आणि त्यातला एकही शब्द त्या कागदावर उतरत नसे.

२०२२ पासून सादरीकरणाच्या जागी प्रदर्शन आलं. ठरावीक ३५ प्रश्नांतला एक घ्यायचा, तीन वस्तू मांडायच्या, ९५० शब्दांत त्या प्रश्नाशी जोडायच्या. वस्तू ढोबळ चालत नाही, तिला खरा काळ आणि खरी जागा हवी. समजा, एखाद्या मुलीने घेतलेला प्रश्न असा: दाव्याला चांगला पुरावा कशाला म्हणायचं? ती ‘कोणताही सरकारी कागद’ ठेवू शकत नाही, पण आपल्या गावच्या जमिनीचा सातबारा ठेवू शकते. उताऱ्यावर क्षेत्र आहे, खातेदारांची नावं आहेत, पीकपाणी आहे. बांध मात्र आजोबांना आठवतो तिथे आहे, आणि शेजाऱ्याला दुसरीकडे आठवतो. कागद, आठवण आणि प्रत्यक्ष जमीन एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्या मुलीला त्यातून वाट काढायची आहे. यादीतून वगळलेलं शब्दप्रमाण इथे मागच्या दाराने परत येतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

चॅटजीपीटी आल्यावर २०२३ मध्ये आयबीने बंदी घातली नाही. वापरलं तर तसा उल्लेख करा, असं सांगितलं. निबंध लिहिताना शिक्षकाबरोबर तीन बैठका आणि त्यांची नोंद हा नियम आधीपासून होताच. पूर्वी अनेक शाळांत या नोंदी उपचार म्हणून भरल्या जात. आता शिक्षक मसुदा समोर ठेवतात, मधल्याच एका वाक्यावर बोट ठेवतात आणि हे कुठून आलं, ते विचारतात. मूल उत्तर जुळवू लागतं, थांबतं, पुन्हा सुरुवात करतं. त्या दहा मिनिटांना वेगळे गुण अजूनही नाहीत.