स्पॉयलर : रहस्यभेद की रसभंग?

चित्रपट-मालिकांवरच्या गप्पांत 'स्पॉयलर देऊ नका', म्हणजे कथेचा शेवट वा रहस्य आधीच फोडू नका, ही विनवणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की, हा शब्द मुळात थट्टेच्या वाटेने आला हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शेवट गुप्त ठेवण्याची रीत त्याहून जुनी आहे. लंडनमध्ये १९५२ साली रंगभूमीवर आलेल्या एका रहस्यनाट्याच्या अखेरीस, खुनी कोण हे बाहेर सांगू नका, असे प्रेक्षकांना विनवले जाते, तर १९६० साली एका दिग्दर्शकाने आपला चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा दंडकच घातला. ही बंधने मात्र कलाकृती सादर करणाऱ्यांची होती.

एप्रिल १९७१ मध्ये एका अमेरिकी विनोदी मासिकाने गाजलेल्या चित्रपट-कादंबऱ्यांचे शेवट सरळ फोडून टाकले आणि वर, यामुळे वाचकांचा वेळ व पैसा वाचेल, अशी मखलाशीही केली. त्या मजकुराचे शीर्षक होते 'स्पॉयलर्स'. १९८२ मध्ये एका अंतराळपटातील लाडक्या पात्राच्या मृत्यूची चर्चा संगणकांच्या जाळ्यावर रंगली, तेव्हा हाच शब्द गंभीर इशारा म्हणून वापरला गेला. त्याच सुमारास मजकूर झाकण्याची एक साधी युक्ती रुळली : प्रत्येक रोमन अक्षराऐवजी तेरा घरे पुढचे अक्षर लिहायचे, म्हणजे 'ए'च्या जागी 'एन'. अक्षरे सव्वीस असल्याने तीच क्रिया पुन्हा केली की मूळ वाक्य परत मिळे. ही युक्ती आधी आक्षेपार्ह विनोद झाकण्यासाठी वापरात होती. कथांचे शेवट त्या पडद्याआड नंतर गेले.

खरा गुंता शब्दाच्या व्याप्तीचा आहे. रहस्यभेद ही घटना आहे, रसभंग हा अनुभव आहे, आणि 'स्पॉयलर' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेवट आधीच कळलेल्या वाचकांना कथा उलट अधिक आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या विरुद्ध निष्कर्ष निघाले. तरीही इशाऱ्याचे क्षेत्र वाढतच गेले, आणि आता पाहुण्या कलाकाराचे नुसते नाव घेतले तरी तक्रार होते, हे जरा अतीच म्हणावे लागेल.

त्यातच २०१३ पासून मालिकेचे सगळे भाग एकाच दिवशी उपलब्ध करून देण्याची पद्धत बोकाळली. पूर्वी सर्वांनी एकाच रात्री भाग पाहिलेला असे, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची थट्टा सर्वांची असे. आता एकाचा शेवटचा भाग पाहून झालेला असतो, तर दुसऱ्याचा पहिलाही नसतो. किती दिवसांनी तोंड उघडावे, यावर एकमत नाही. पात्राचे नाव न घेता केवळ रिकामी खुर्ची दाखवणाऱ्या मीमवर मालिका पाहिलेला हसतो, न पाहिलेल्याला त्यात काहीच कळत नाही. पण पुढे पाहताना ती खुर्ची दिसली की तो चपापतो, आणि मग त्या मीमला स्पॉयलर म्हणायचे की नाही, यावर पुन्हा वाद सुरू होतो.