शॉर्ट-सर्किट मूल्यमापन

प्रोग्रॅमिंगमध्ये ‘आणि’ (&&) व ‘किंवा’ (||) यांनी जोडलेल्या अटी डावीकडून तपासत जायच्या आणि उत्तर पक्के होताच पुढच्या अटींना हातही लावायचा नाही, अशी पद्धत. ‘आणि’ची डावी बाजू खोटी निघाली की सगळे विधान खोटे, ‘किंवा’ची डावी बाजू खरी निघाली की सगळे खरे. ‘एक्सॉर’ला (दोनपैकी नेमकी एकच बाजू खरी असली तर खरे) ही सवलत नाही, कारण दोन्ही बाजू कळल्याशिवाय त्याचे उत्तर ठरतच नाही.

वेळ वाचतो, पण तो फायदा किरकोळ. खरा उपयोग संरक्षणाचा. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी खरेदीचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम घ्या. घडाचे सरासरी वजन १८ किलो किंवा जास्त असलेला माल वेगळा काढायचा, तर अट अशी लिहितात:

घड > ० && वजन / घड >= १८

ज्या दिवशी कापणी नाही, त्या दिवशी घड शून्य. पहिली अट तिथेच पडते आणि भागाकाराची वेळच येत नाही. आता दोन्ही अटींची अदलाबदल करा. तर्कशास्त्राच्या लेखी विधान तेच; पण जावात पूर्णांकाला शून्याने भागताच एक्सेप्शन (प्रोग्रॅम थांबवणारी चूक) येते, आणि सी भाषेत तर पुढे काय होईल याची हमीच नाही. गणितातल्या ‘आणि’ला क्रमाशी देणेघेणे नसते, प्रोग्रॅममधल्या ‘आणि’चा सगळा जीव क्रमात असतो.

जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या भाषेवरील १९६० च्या निबंधात ‘आणि’ व ‘किंवा’ सशर्त राशींमधून (‘असे असेल तर हे, नाहीतर ते’) मांडले आहेत. त्यामुळे उजवी बाजू गरज पडली तरच तपासली जाते. सी ने डावीकडून उजवीकडे हा क्रम भाषेच्या नियमातच बसवला. प्रमाण पास्कल भाषेने मात्र निर्णय कंपायलरवर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सोडला. एडा भाषेने दोन्ही सोयी वेगळ्या ठेवल्या: साधा ‘अँड’ दोन्ही बाजू तपासतो, ‘अँड देन’ मध्येच थांबतो. टंकायला लांब, पण लिहिणाऱ्याचा हेतू वाचणाऱ्याला लगेच कळतो, म्हणून हीच मांडणी सर्वांत चांगली म्हणावी लागेल.

उजव्या बाजूत एखादे काम दडवले, की गोंधळ होतो. जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत सी च्या तोंडी परीक्षेला शोभणारा प्रश्न: अ = ०, ब = ५ असताना ‘अ && ++ब’ नंतर ब किती? पाचच, कारण सी मध्ये शून्य म्हणजे खोटे, त्यामुळे ++ब (ब एकाने वाढवणे) चालतच नाही. दोन्ही बाजू तपासणारा एकेरी & वापरला तर मात्र ब सहा होतो.

पायथन (तिथे चिन्हांऐवजी and, or हे शब्द) व जावास्क्रिप्टमध्ये ‘आणि’, ‘किंवा’ यांचे उत्तर खरे-खोटे नसून शेवटी तपासलेली किंमत असते. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये ‘कपात || ५’ असे लिहून कपात भरलेली नसल्यास पाच टक्के धरतात. पण व्यापाऱ्याने कपात मुद्दाम शून्य भरली, तर जावास्क्रिप्ट शून्यालाही खोटे समजते आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) पाच टक्के जातात. यावर उपाय म्हणून २०२० च्या आवृत्तीत ?? हे चिन्ह आले; ते फक्त किंमत नसतानाच उजवीकडे वळते.

एक्सेलचे ‘अँड’ हे फंक्शन सगळ्या अटी तपासते. वरचा केळीचा हिशेब त्यात मांडला, तर घड शून्य असलेल्या ओळीत भागाकाराची चूक दिसतेच. तिथे ‘इफ’च्या पोटात भागाकार घालावा लागतो.