स्नायूपेशींचे फोटो पाठवण्याआधी एवढं वाचा

सांगली, मिरज, कराडच्या एम.फार्म. आणि पीएच.डी. करणाऱ्यांची कामं आमच्याकडे वर्षभर चालू असतात. बहुतेक काम सी२सी१२ पेशींचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या स्नायूपेशींचं. त्यांच्या खाद्यातलं सिरम कमी केलं की या पेशी एकमेकींत मिसळून लांबट नळ्या, म्हणजे मायोट्यूब होतात, आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं की त्या बारीक पडतात. तुमचं औषध ही झीज किती रोखतं, ते तुमच्या फोटोंत मायोट्यूबची जाडी मोजून आम्ही सांगतो.

कृपा करून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे टाकू नका. तिथे फोटो लहान होतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण मोजमाप पिक्सेलवर चालतं. समजा मूळ फोटोत एक पिक्सेल म्हणजे अर्धा मायक्रॉन. २० मायक्रॉनची मायोट्यूब ४० पिक्सेल भरते. फोटो अर्ध्यावर आला की २० पिक्सेल उरतात, आणि जुन्या मापाने तिची जाडी १० मायक्रॉन निघते. आता कंट्रोलचे, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींचे फोटो पेनड्राइव्हवर आणि औषधाचे व्हॉट्सअ‍ॅपवर आले, तर औषधाच्या मायोट्यूब निम्म्या जाडीच्या झालेल्या दिसतील. औषधाचा त्यात काडीचाही संबंध नसेल! असं सापडलं की आम्ही काम थांबवून मूळ फाइली मागवतो. त्यात दिवस जातात, आणि घाई तर तुम्हालाच असते.

व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. टिफ (TIFF) फाइल असेल तर उत्तम. सोबत सूक्ष्मदर्शकाच्या त्याच ऑब्जेक्टिव्हने (भिंगाने) काढलेला मायक्रोमीटर स्लाइडचा, म्हणजे मोजपट्टी कोरलेल्या काचेचा एक फोटो हवाच. त्यावर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक घर १० मायक्रॉनचं. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा. आणि फक्त देखण्या जागा निवडून फोटो काढू नका, कडेच्याही घ्या.

‘फोटो मोजायचं इमेजजे (ImageJ) सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, मग पैसे कशाचे?’ असं बरेच जण विचारतात. सॉफ्टवेअर फुकटच आहे, जरूर शिका. आम्ही पैसे घेतो ते मोजणीचे. प्रत्येक मायोट्यूब पाच ठिकाणी मोजून सरासरी काढतो. फाइलींची नावं झाकलेली असतात, त्यामुळे मोजणाऱ्याला कंट्रोल कुठला नि औषध कुठलं हे कळत नाही. म्हणून ‘रिझल्ट जरा बरा काढून द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही चहा पाजतो, आकडे मात्र आहेत तेच देतो.

मायक्रोमीटर स्लाइड नसेल तर डिपॉझिट ठेवून आमची घेऊन जा. पहिल्यांदा काम देणार असाल तर दोन-तीन फोटो आधी पाठवा. मोजण्याजोगे आहेत का ते पाहून देतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त हे काम पेशींची प्लेट फेकून देण्याआधी करा.