धुराड्यातला ऑक्सिजन कोण मोजतो?

माँटेनेग्रोच्या उत्तर भागात प्लेव्ल्या नावाचं छोटं शहर आहे, चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. हिवाळ्यात थंड हवा या खोऱ्यात तळाला साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि घरांच्या शेगड्यांचा व कारखान्यांचा धूर तिथंच अडकून राहतो. गावाजवळ लिग्नाइटवर, म्हणजे हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशावर चालणारं २२५ मेगावॉटचं वीजकेंद्र आहे.

माँटेनेग्रो युरोपीय महासंघाचा सदस्य नाही. पण २००५ साली अथेन्समध्ये झालेल्या एनर्जी कम्युनिटी करारामुळे महासंघाचे मोठ्या वीजकेंद्रांच्या प्रदूषणाचे नियम त्याला आणि बाल्कनमधल्या त्याच्या शेजाऱ्यांना लागू झाले. १ जानेवारी २०१८ पासून जुन्या केंद्रांपुढे तीन वाटा होत्या. धूर मर्यादेत आणायचा, किंवा देशाच्या एकत्रित योजनेत सामील होऊन सगळ्या केंद्रांचं मिळून उत्सर्जन टप्प्याटप्प्यानं उतरवायचं, नाहीतर नवी यंत्रणा न बसवता २०२३ अखेरपर्यंत जास्तीत जास्त २०,००० तास चालवून केंद्र बंद करायचं. प्लेव्ल्यानं तिसरी वाट धरली.

वर्षाचे तास ८,७६०. दुरुस्तीचे दिवस वजा केले तर असं केंद्र वर्षाला सहज ७,००० तास चालतं. म्हणजे सहा वर्षांची म्हणून दिलेली सवलत तीन वर्षांतच संपणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होतं. २०२० च्या अखेरीस तास संपले. केंद्र मात्र चालूच राहिलं आणि २०२१ मध्ये एनर्जी कम्युनिटीच्या सचिवालयानं माँटेनेग्रोविरुद्ध कारवाई सुरू केली. त्याच वर्षी सर्बिया, बोस्निया, कोसोवो आणि उत्तर मॅसिडोनिया यांच्याविरुद्धही प्रकरणं उघडली गेली, कारण त्यांच्या एकत्रित योजनांतल्या उत्सर्जनाच्या कमाल मर्यादा ओलांडल्या जात होत्या. कायदा तर या सगळ्या देशांच्या पुस्तकात होता! सल्फर काढणारी यंत्रणा निविदेपासून चाचणीपर्यंत उभी करायला तीन-चार वर्षं लागतात. तो हिशेब मुदतीच्या आधी मांडलाच गेला नाही.

महासंघाचा ‘निर्देश’ हा थेट लागू होणारा कायदा नसतो. तो साध्य काय करायचं ते सांगतो. प्रत्येक देशानं त्यावरून आपला कायदा करायचा, परवाना देणारी कचेरी ठरवायची, दंड ठरवायचा. औद्योगिक उत्सर्जनाचा मुख्य निर्देश २०१०/७५ क्रमांकाचा. सात जुने निर्देश त्यात एकत्र केले आहेत. कोण त्याच्या कक्षेत येतं हे क्षमतेवर ठरतं. २०१० च्या मूळ मजकुरात ते असं: ५० मेगावॉट किंवा त्याहून जास्त उष्णताक्षमतेची भट्टी, फिरत्या भट्टीत दिवसाला ५०० टनांपेक्षा जास्त क्लिंकर (दळून सिमेंट करण्याआधीचे भाजलेले खडे) करणारा सिमेंट कारखाना, ४०,००० पेक्षा जास्त जागांची कोंबड्यांची शेड, दिवसाला १० टनांपेक्षा जास्त कचरा घेणारी कचराभूमी. इथले मेगावॉट विजेचे नव्हेत, भट्टीत घातलेल्या इंधनाच्या उष्णतेचे आहेत. विजेचे मेगावॉट धरून यादी केली की कितीतरी भट्ट्या परस्पर सुटतात.

आता धुराड्याकडे येऊ. ३०० मेगावॉटपेक्षा मोठ्या, कोळशावर चालणाऱ्या जुन्या भट्टीसाठी निर्देशातली मूळ मर्यादा अशी: सल्फर डायऑक्साइड २००, नायट्रोजन ऑक्साइड २०० आणि धूळ २०, सगळं मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर. यातला ‘नॉर्मल’ हा शब्द नजरेतून निसटतो, आणि फसवणुकीला सगळ्यात जास्त वाव तिथंच असतो. घनमीटर मोजायचा तो ० अंश सेल्सिअसला, १०१.३ किलोपास्कल दाबाला, वाफ वजा करून. आणि घन इंधनासाठी धुरात ६ टक्के ऑक्सिजन आहे असं धरून.

ऑक्सिजन कशाला? कारण धुरात नुसती हवा मिसळली तरी दर घनमीटरमागचं प्रदूषण कमी दिसतं. बाहेर पडणारा सल्फर तेवढाच, फक्त पातळ झालेला. जुन्या केंद्रात हे मुद्दाम करावंही लागत नाही. भट्टीत जाणारी हवा तापवणाऱ्या फिरत्या यंत्राची सील झिजतात, नळकांड्यांना भेगा पडतात आणि हवा आत शिरते. म्हणून मोजलेल्या आकड्याला (२१ − ६) ÷ (२१ − मोजलेला ऑक्सिजन) यानं गुणायचं. समजा यंत्रावर नायट्रोजन ऑक्साइड १६० दिसतंय आणि ऑक्सिजन ११ टक्के आहे. मर्यादा २००, म्हणजे सगळं ठीक वाटतं. पण १५ भागिले १० म्हणजे दीड, आणि १६० ची दीडपट २४०. केंद्र मर्यादेबाहेर आहे. ज्या देशानं २०० हा आकडा उचलला पण ऑक्सिजनची अट परिशिष्टातच राहू दिली, त्यानं नियम घेतलाच नाही असं मी म्हणेन.

पालनाची कसोटीही तितकीच नेमकी आहे. वर्षभरात एकाही महिन्याची सरासरी मर्यादेवर जाता कामा नये, एकाही दिवसाची सरासरी मर्यादेच्या ११० टक्क्यांवर नको, आणि ताशी सरासऱ्यांपैकी ९५ टक्के तरी मर्यादेच्या दुपटीच्या आत हव्यात. भट्टी पेटवतानाचा आणि विझवतानाचा काळ यातून वगळतात. म्हणून ‘पेटवणं’ किती भाराला संपलं हे परवान्यात आकड्यानं लिहावं लागतं, नाहीतर प्रत्येक वाईट तास पेटवण्याच्या खात्यात जातो.

सल्फर काढण्याची नेहमीची रीत म्हणजे चुनखडीची आंघोळ. सुमारे १३० ते १५० अंशांचा धूर एका उंच मनोऱ्यात खालून वर चढतो आणि वरून चुनखडीच्या बारीक पुडीची रबडी फवारली जाते. सल्फर डायऑक्साइड रबडीत विरघळतो, तळाच्या टाकीत हवा फुंकली की त्याचं जिप्सम होतं. रसायनशास्त्राचा हिशेब सरळ आहे: एक टन सल्फर डायऑक्साइड धरायला सुमारे १.५६ टन शुद्ध चुनखडी लागते आणि सुमारे २.७ टन जिप्सम पडतं.

रबडीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ५ ते ६ मध्ये ठेवावा लागतो. खाली गेला तर वायू नीट शोषला जात नाही, वर गेला तर चुनखडी विरघळत नाही आणि फवाऱ्याच्या तोंडांवर, भिंतींवर खपली धरते. कधी कधी चालक चुनखडी वाढवत राहतो, तरी सामू खालीच राहतो. याचं कारण बऱ्याचदा मनोऱ्याच्या आधी सापडतं. धूळ पकडणारी विजेची गाळणी नीट चालत नसेल तर राखेतलं अ‍ॅल्युमिनियम आणि धुरातलं फ्लोराइड मिळून चुनखडीच्या कणांवर पातळ थर चढवतात. चुनखडी टाकीत असते, पण झाकलेली. धुळीची हयगय सल्फरवर अशी उतरते.

एवढ्यानं संपत नाही. रबडीत क्लोराइड साठत जातं, ते पोलाद खातं, म्हणून थोडं पाणी सतत बाहेर काढावं लागतं. त्या पाण्यात पाऱ्यासारखे धातू असतात. जिप्समला भिंतींचे बोर्ड करणारा कारखाना किंवा सिमेंटवाला गिऱ्हाईक मिळाला तर ते उत्पादन, नाही तर तोच कचरा. हवेतलं विष पाण्यात आणि पाण्यातलं जमिनीत सरकवून कुणी मोकळं होऊ नये, म्हणून हवा, पाणी, कचरा, माती, आवाज या सगळ्यांचा एकच परवाना असावा असा निर्देशाचा आग्रह आहे. अनेक देशांत हे तीन-चार वेगळी खाती पाहतात आणि ती एकमेकांना आपली फाइल दाखवत नाहीत. कायद्याचं भाषांतर करण्यापेक्षा ही खाती एका टेबलाशी बसवणं कितीतरी अवघड.

कचऱ्याच्या बाबतीत अडचण आणखी निराळी. कचरा जाळणाऱ्या भट्टीत धूर किमान २ सेकंद ८५० अंशांवर राहिला पाहिजे. क्लोरीनसारखे घटक असलेल्या सेंद्रिय संयुगांचं प्रमाण १ टक्क्यापेक्षा जास्त असलेला घातक कचरा असेल तर ११०० अंशांवर. डायॉक्सिन या अतिविषारी क्लोरीनयुक्त संयुगांची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, तीही ११ टक्के ऑक्सिजन धरून. बेलग्रेडजवळ विन्चा इथं वर्षाला ३,४०,००० टन कचरा जाळण्याच्या क्षमतेचा प्रकल्प आखला गेला. भट्टी या मर्यादा पाळू शकते. तरीही २०१९ मध्ये युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेनं त्यातून अंग काढून घेतलं, कारण एवढा कचरा भट्टीला लागला तर सर्बियाला पुनर्वापराची उद्दिष्टं गाठणं कठीण होईल. महासंघाच्या कचरा-निर्देशात क्रम ठरलेला आहे: आधी कचरा होऊच न देणं, मग वस्तू पुन्हा वापरणं, मग तिच्यापासून नवी वस्तू करणं, त्यानंतर जाळून ऊर्जा आणि अगदी शेवटी पुरणं. शहरी कचऱ्यापैकी ५५ टक्के २०२५ पर्यंत आणि ६५ टक्के २०३५ पर्यंत पुनर्वापरात जावा असं ठरलं आहे. पंचवीस-तीस वर्षं चालणाऱ्या भट्टीला रोज ठरावीक खाद्य लागतं, आणि ओला कचरा वेगळा निघाला की ते कमी होतं. भट्टीचा आकार ठरवताना आजचा कचरा मोजून चालत नाही. वर्गीकरण झाल्यावर उरेल तेवढाच धरायचा.

नियम घेणाऱ्या देशासमोर आकडेही स्थिर राहत नाहीत. स्पेनमधल्या सेव्हिल्या शहरातल्या कचेरीत उद्योग, सरकारं आणि पर्यावरण संघटना मिळून प्रत्येक उद्योगासाठी ‘उपलब्ध सर्वोत्तम तंत्र’ ठरवतात. ते प्रसिद्ध झालं की चार वर्षांत परवाने तपासून कारखाने त्या पातळीवर आणायचे असतात. २०१७ मध्ये मोठ्या जुन्या कोळसा-भट्ट्यांसाठी सल्फर डायऑक्साइडची वार्षिक पातळी १० ते १३० अशी ठरली. २०० चा आकडा गाठायला बांधलेला मनोरा तिथं कमी पडू शकतो, आणि फवाऱ्याची एक जास्तीची पातळी नंतर बसवण्यापेक्षा नकाशावर असतानाच तिच्यासाठी जागा सोडणं खूप स्वस्त पडतं. २०२४ च्या सुधारित निर्देशानं पुढची अट घातली: अशा पट्ट्यातली त्या कारखान्याला झेपेल ती सर्वात कडक पातळीच परवान्यात लिहायची. सदस्य देशांना ती कायद्यात आणण्यासाठी १ जुलै २०२६ ही मुदत मिळाली, आणि सर्वात गंभीर उल्लंघनासाठी दंडाची कमाल पातळी उलाढालीच्या किमान ३ टक्के ठेवण्याचं बंधनही आलं.

तपासणीचा नियम साधा आहे. धोका जास्त असेल तिथं वर्षातून एकदा, कमी असेल तिथं तीन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष भेट. गंभीर उल्लंघन सापडलं तर सहा महिन्यांत पुन्हा. भेटीचा अहवाल चार महिन्यांच्या आत लोकांसाठी खुला करायचा. त्या अहवालात प्रदूषणाच्या आकड्याशेजारी ऑक्सिजनचा रकाना आहे का, तो आधी शोधावा.