बूट लूप (ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यानंतरचा)

संगणक चालू होतो, कंपनीचा लोगो दिसतो, क्वचित फिरणारे ठिपकेही दिसतात आणि डेस्कटॉप येण्याआधीच सगळे बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या न थांबणाऱ्या चक्राला बूट लूप म्हणतात. नव्या सिस्टिमनंतर लगेच ते सुरू झाले, की बहुतेक जण पुन्हा फॉरमॅट मारून तीच सिस्टिम टाकतात. त्यात तास-दोन तास जातात आणि बऱ्याचदा चक्र तसेच राहते, कारण बूट ऑर्डर (कशावरून आधी सुरू व्हायचे याचा क्रम), डिस्क कंट्रोलर (डिस्कशी बोलणारा भाग), ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) किंवा हार्डवेअर यांतला दोष फॉरमॅटने जात नाही. आधी पाहायचे ते एवढेच, की रीस्टार्ट कोणत्या टप्प्यावर होतो. इन्स्टॉलेशन चालू असताना मशीन दोन-तीन वेळा आपोआप रीस्टार्ट होते, ते मात्र अपेक्षितच असते.

बटण दाबल्यावर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आधी स्वतःचे व्होल्टेज स्थिर करतो आणि १०० ते ५०० मिलिसेकंदांत मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ हा संकेत देतो. त्यानंतर यूईएफआय किंवा जुन्या मशीनमधले बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासते, बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम उचलणारा छोटा प्रोग्रॅम) शोधते आणि त्याच्या हाती सूत्रे देते. बूटलोडर कर्नल (सिस्टिमचा गाभा) मेमरीत आणतो, कर्नल ड्रायव्हर चालू करतो, शेवटी लॉगिनचा पडदा येतो. लोगोही न दिसता रीस्टार्ट होत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमला दोष देण्यात अर्थ नाही. ती अजून डिस्कवरून उचललेलीच नसते.

सगळ्यात साधे आणि सगळ्यात जास्त वेळा आढळणारे कारण म्हणजे पेनड्राइव्ह. फाइली उतरवून झाल्यावर सेटअप मशीन रीस्टार्ट करतो. बूट ऑर्डरमध्ये यूएसबी पहिल्या क्रमांकावर असेल, तर डिस्कवरची अर्धवट सिस्टिम पुढे चालू होण्याऐवजी पुन्हा भाषा निवडण्याचाच पडदा समोर येतो. पहिल्या रीस्टार्टच्या वेळी पेनड्राइव्ह काढावा किंवा बूट ऑर्डरमध्ये डिस्क वर आणावी; दुसरे काही करावे लागत नाही.

ठिपके फिरू लागल्यावर रीस्टार्ट होत असेल, तर निळा पडदा (विंडोजचा बिघाडाचा संदेश) येऊन जात असण्याची शक्यता मोठी असते. बिघाड झाला की आपोआप रीस्टार्ट व्हायचे, ही विंडोजची मूळ सेटिंग आहे, त्यामुळे संदेश क्षणभर चमकतो आणि वाचायच्या आत जातो. तो थांबवणे हे दुरुस्तीतले खरे पहिले पाऊल. लागोपाठ बूट फसले, की विंडोज स्वतःहून रिकव्हरी पडदा दाखवते. तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट करावे आणि येणाऱ्या यादीत ९ दाबावा. मग निळा पडदा स्थिर राहतो आणि स्टॉप कोड (बिघाडाचे नाव) लिहून घेता येतो. त्याच यादीतल्या ४ ने सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारे विंडोज) मिळतो. सेफ मोड नीट चालला, तर संशयाची सुई सरळ ड्रायव्हरकडे, त्यातही ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे वळते. लिनक्समध्ये हीच चाचणी ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूत ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा पर्याय जोडून करतात.

‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा स्टॉप कोड दिसला, तर डिस्क खराब झाली असे लगेच धरू नये. सिस्टिम टाकताना कंट्रोलर रेड मोडमध्ये होता आणि नंतर कोणी तो एएचसीआय मोडमध्ये नेला, किंवा उलट केले (हे दोन्ही डिस्क हाताळण्याचे यूईएफआयमधले पर्याय), तर विंडोजकडे त्या क्षणी योग्य ड्रायव्हर चालू नसतो आणि तिला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. सेटिंग पूर्ववत केली, की मशीन सुरू होते. मोड बदलायचाच असेल, तर पुढचा बूट सेफ मोडमध्येच व्हावा अशी सेटिंग विंडोजमध्ये आधी करून ठेवावी, मग मोड बदलून एकदा सेफ मोडमध्ये बूट करावे. विंडोज नवा ड्रायव्हर त्या वेळी लावून घेते.

काही रीस्टार्ट कसलाही संदेश न देता होतात. एक्स८६ प्रोसेसरवर एखादी चूक हाताळणारा कोडच चुकला आणि त्यापुढची व्यवस्थाही कोलमडली, तर त्याला ट्रिपल फॉल्ट म्हणतात. प्रोसेसर थांबतो, मदरबोर्ड त्याला रीसेट करतो आणि पडद्यावर अक्षरही उमटत नाही. एसएमपीएसचे व्होल्टेज क्षणभर घसरून ‘पॉवर गुड’ गेला, तरी तेच होते. जुने मशीन नव्या सिस्टिमनंतरच असे का वागू लागले, याचे उत्तर बहुधा भारात असते: सेटअप दाबून ठेवलेल्या मोठ्या फाइली रॅममध्ये उलगडतो, ग्राफिक्स कार्ड पहिल्यांदा पूर्ण ताकदीने चालते. रॅम सदोष असेल, तर डिस्कवर उतरणाऱ्या फाइलीही बिघडलेल्याच उतरतात आणि दर इन्स्टॉलेशनला दोष नव्या ठिकाणी दिसतो. अशा वेळी रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करावे, एका वेळी एकच रॅम लावून पाहावी आणि मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा.

कारण बाहेरूनही येऊ शकते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला, तेव्हा नुकतेच विंडोज एक्सपी टाकलेले मशीन फायरवॉलशिवाय इंटरनेटला जोडले, की पॅच उतरवून होण्याआधीच ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन ते रीस्टार्ट होई. २००८ मध्ये एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर एएमडी प्रोसेसरचे काही संगणक अशाच चक्रात अडकले, कारण त्यांवर इंटेलसाठीचा ड्रायव्हर चालू राहिला होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प केले. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणे पुरेसे होते, पण डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद असल्याने आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधावी लागली. यूईएफआयमधल्या सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षा-सोयींची सेटिंग बदलल्यावरही विंडोज हीच की मागू शकते, म्हणून यूईएफआयला हात लावण्यापूर्वी ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून किंवा संस्थेच्या आयटी विभागाकडून मिळवून ठेवावी.