‘ल्युसिडम’ या नावाचा गुंता: लिंगझीच्या औषधी दाव्यांची पार्श्वभूमी

लिंगझी किंवा रेशी हे लाकडावर वाढणारे कठीण, चकचकीत कवक, म्हणजे बुरशीवर्गातली एक अळंबी; तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल, चूर्ण आणि कॉफीच्या वेष्टनांवर ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ असे शब्द हमखास आढळतात. परंपरा तेवढी जुनी आहे यात वाद नाही. ती नेमक्या कोणत्या वस्तूची होती, हा प्रश्न मात्र वेष्टनावर कधीच येत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवंशाच्या काळाच्या सुमारास संकलित झालेल्या चिनी औषधीग्रंथात ‘झी’चे (अशा कवकांचे जुने चिनी नाव) सहा प्रकार रंगांवरून सांगितले आहेत, आणि त्या सहाही रंगांची कवके आज नेमकी दाखवून देता येतील असे नाही. इ.स.पू. १०९ मध्ये राजप्रासादात नऊ दांड्यांची झी उगवली म्हणून सम्राटाने बंदिवानांना माफी दिली, तेव्हा ती औषध म्हणून नव्हे, तर शुभचिन्ह म्हणून पाहिली गेली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापल्या गेलेल्या मोठ्या औषधीकोशाच्या कर्त्याने तर स्पष्ट शंका नोंदवली की झी ही कुजण्यातून उरलेल्या अंशापासून, माणसाच्या अंगावर गाठ यावी तशी उपजते, आणि ती खाऊन अमरत्व मिळते हे म्हणणे खुळेपणाचे आहे. त्याच वस्तूची जाहिरात आज गाठींवरचा उपाय म्हणून व्हावी, हा काव्यगत न्याय परंपरेचे दाखले देणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

रानात क्वचितच सापडणारे हे कवक सर्वांना परवडण्याजोगे झाले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, चीन आणि जपानमध्ये लाकडी ओंडक्यांवर व भुश्श्यावर त्याची लागवड साधल्यानंतर. १९८२ मध्ये जपानमध्ये त्याच्या कडू चवीशी संबंधित ट्रायटर्पिन नावाच्या गटातली आम्ले वेगळी करण्यात आली. या आम्लांवर आणि कवकातल्या पॉलिसॅकराइडांवर, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांच्या रेणूंवर, प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर असंख्य प्रयोग झाले. या शोधनिबंधांत जवळजवळ सर्वत्र ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ हे एकच नाव वापरलेले दिसते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

हे नाव मुळात चीनचे नाहीच. लंडनजवळच्या पेकॅम येथे सापडलेल्या एका चकचकीत कवकाला १७८१ मध्ये ‘ल्युसिडस’, म्हणजे चमकदार, असे विशेषण दिले गेले, आणि ठीक शंभर वर्षांनी, १८८१ मध्ये, त्याच कवकासाठी ‘गॅनोडर्मा’ ही नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, निर्माण करण्यात आली. पुढे विसाव्या शतकात पूर्व आशियात वाढणारे, वरून तसेच लाखेसारखे चमकणारे कवक पाहणाऱ्यांनी त्यालाही तेच नाव दिले. वरचे कवच चमकते हे साम्य खरे, परंतु चीनमध्ये लागवडीखाली असलेल्या कवकाची खालची, सूक्ष्म छिद्रांची बाजू ताजेपणी पिवळी असते, तर युरोपीय कवकाची पांढरी. दोहोंतील ट्रायटर्पिनांचे प्रमाणही सारखे नाही. १९९० च्या दशकापासून जनुकीय तुलना होऊ लागल्यावर दोन्ही एक जाती नाहीत, हे निर्विवाद ठरले. मग चिनी लिंगझीचे योग्य शास्त्रीय नाव कोणते? २०१२ मध्ये एका गटाने तिला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ असे नवे नाव दिले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने मांडले की सिच्वान प्रांतातील नमुन्यावरून १९८३ मध्येच दिलेले ‘गॅनोडर्मा सिच्वानेन्स’ हे नाव याच कवकाचे आहे आणि अग्रक्रमाच्या, म्हणजे आधी दिलेले नाव ग्राह्य धरण्याच्या, नियमाने तेच चालले पाहिजे. १९८३ चा तो मूळ नमुना खरोखर याच जातीचा आहे का, यावरून पुढे आणखी वाद झाला. वर्गीकरणशास्त्राबाहेरच्या वाचकाला हा कज्जा क्षुल्लक वाटेल, पण मूळ नमुन्यांची आणि नियमांची अशी काटेकोर उलटतपासणी झाली नसती, तर औषधाच्या बाटलीत काय आहे हे ठरवण्यास आधारच उरला नसता. चीनच्या अधिकृत औषधसंहितेने २००० च्या आवृत्तीत लिंगझीचा समावेश केला तेव्हा तांबड्या प्रकारासाठी ‘ल्युसिडम’ आणि जांभळ्या-काळ्या प्रकारासाठी ‘सायनेन्स’ अशी दोन नावे स्वीकारली. त्यातले पहिले नाव काटेकोरपणे पाहता लंडनच्या कवकाचे आहे.

हा घोटाळा भारतालाही चुकलेला नाही. दक्षिणेत नारळाच्या बुंध्याची कूज घडवणाऱ्या कवकालाही कृषिसाहित्यात दीर्घकाळ ‘ल्युसिडम’ असेच म्हटले गेले. मराठी वाचकांपैकी कोकणातल्या घरांना फणसाच्या खोडावरचा, तोंड आल्यावर उगाळून लावला जाणारा फणसोंबा ठाऊक असतो. तोही लाकडावरचा कठीण कवकच, पण त्याची प्रजाती ‘फेलिनस’, गॅनोडर्मा नव्हे. ‘हे तर आपल्याकडचेच आहे’ असे सांगत गॅनोडर्माची कॉफी खपवणाऱ्यांपुढे एवढा भेद ठेवला तरी पुरे.

नावाचा गोंधळ बाजारात कसा उतरतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीतून दिसले. अमेरिकेत रेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या १९ आहारपूरकांपैकी केवळ ५ उत्पादनांतील घटक खऱ्या लिंगझीशी जुळले. तिथे १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरकांना विक्रीपूर्व परवानगी लागत नाही. मलेशियात १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या थेट विक्रीच्या साखळ्यांनी हे कवक कॉफीत मिसळून ओळखीपाळखीतून विकण्याची पद्धत रूढ केली आणि तिचा ओघ पुढे भारतातही पोहोचला. या पद्धतीत अनुभव सांगणारा आणि माल विकणारा एकच असल्याने दावे तपासण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

माणसांवरील चाचण्यांचे चित्र या उत्साहाच्या मानाने फिकट आहे. कर्करोगाविषयीच्या २०१२ मधील आणि २०१६ मध्ये अद्ययावत केलेल्या पुनरावलोकनात ५ चाचण्या आणि ३७३ रुग्ण होते. केमोथेरपी वा किरणोपचारांच्या जोडीला दिल्यास प्रतिसाद काहीसा सुधारतो असे दिसले, पण केवळ लिंगझीने गाठ लहान झाल्याचे आढळले नाही, आणि चाचण्यांचा दर्जाही सुमार होता. रक्तशर्करा व हृदयविकाराच्या जोखमीसंबंधी २०१५ च्या पुनरावलोकनात ५ चाचण्यांतील ३९८ जणांची माहिती तपासूनही वापराला आधार मिळाला नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या, ८४ सहभागींच्या चाचणीत १६ आठवडे रोज ३ ग्रॅम अर्क घेऊनही साखरेत फरक पडला नाही.

सुरक्षिततेबाबत ‘शेकडो वर्षे घेतात, काही होत नाही’ हा युक्तिवाद एका साध्या कारणाने लंगडा पडतो: पारंपरिक वापर काढ्याचा होता. औषधसंहितेतील ६ ते १२ ग्रॅम ही मात्रा कवकाचे तुकडे उकळण्याची आहे. २००४ मध्ये हाँगकाँगमधून नोंदवलेल्या प्रकरणात वर्षभराहून अधिक काळ काढा घेणाऱ्या वृद्धेने चूर्ण घेण्यास सुरुवात केल्यानंतर काही आठवड्यांतच यकृताला सूज आली. २००७ मध्ये थायलंडमधून काढ्याऐवजी चूर्ण घेऊ लागलेल्या एका रुग्णाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचे प्रसिद्ध झाले. अशा तुरळक नोंदींवरून सर्वांनाच धोका आहे असे म्हणता येत नाही. परंतु घेण्याचा प्रकार बदलला की जुन्या अनुभवाची हमी संपते, एवढे त्यांतून निघते. रक्त पातळ करणारी, रक्तदाब वा साखर कमी करणारी आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असणाऱ्यांनी तसेच शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी डॉक्टरांना सांगितल्याखेरीज ते घेऊ नये, असा इशारा सर्वसाधारणपणे दिला जातो.

लिंगझीच्या बीजाणूंच्या, म्हणजे ज्यांतून नवे कवक उगवते त्या सूक्ष्म कणांच्या, चूर्णाचा मुद्दा वेगळाच आहे. पोट व आतड्यांच्या कर्करोगात रोगाची खूण म्हणून तपासल्या जाणाऱ्या ‘सीए ७२-४’ या घटकाचे रक्तातील प्रमाण हे चूर्ण घेणाऱ्या काही रुग्णांत वाढले आणि चूर्ण थांबवल्यावर उतरले, अशा नोंदी आहेत. म्हणजे रोग परतल्याचा भास औषधाच्या जोडीला घेतलेल्या पूरकानेच निर्माण होऊ शकतो, आणि रुग्णाने ते घेत असल्याचे सांगितलेच नाही तर पुढच्या तपासण्यांचा खर्च व धास्ती दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये चीनने लिंगझीसह नऊ वनस्पतिज व कवकज पदार्थांना अन्न आणि औषध अशा दुहेरी यादीत स्थान दिले. तोपर्यंत औषध म्हणून मोजून दिले जाणारे कवक आता तिथे आहारातही मिसळता येते, आणि मात्रेचा हिशेब ठेवण्याचे काम वैद्याकडून ग्राहकाकडे सरकले आहे.