ठिबक संचाचे अनुदान आणि ओलावा सेन्सर : पात्रता, कागदपत्रे व अर्जाचा क्रम

जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा खरा उपयोग मोजून पाणी देण्याची सोय असलेल्या शेतातच होतो. म्हणून महाराष्ट्रातील शेतकऱ्याने आधी ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून ठिबक संचाचा अर्ज मार्गी लावणे श्रेयस्कर ठरते.

या योजनेत २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, तर इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते, आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेच्या पूरक अनुदानामुळे ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर काढली जाते, विक्रेत्याच्या बिलावर नव्हे. लाभ ५ हेक्टर क्षेत्रापर्यंतच घेता येतो.

अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या योजनांसाठीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो व त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक असतो. आधारशी जोडलेले बँक खाते, सातबारा व आठ-अ उतारे, पाण्याच्या स्रोताची नोंद आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांसाठी जातीचा दाखला, ही कागदपत्रे हाताशी ठेवावीत. आधार, सातबारा व बँक खाते यांवरील नावात फरक असल्यास तो अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा, कारण अशा फरकामुळे अर्ज पुढे अडून राहू शकतो.

निवड झाल्यावर कागदपत्रे अपलोड करावी लागतात आणि त्यांच्या छाननीनंतर पूर्वसंमती मिळते. तिच्यापूर्वी खरेदी केलेला संच अनुदानास पात्र ठरत नाही, त्यामुळे घाईने आगाऊ रक्कम देऊ नये. सेन्सर घ्यायचा असल्यास तो अंदाजपत्रकात धरला आहे का, हे याच टप्प्यावर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे. धरलेला नसेल तर त्याचा खर्च स्वतःचा समजूनच पुढे जावे. संच बसवून बिल अपलोड केल्यावर शेतावर मोका तपासणी होते आणि त्यानंतर अनुदान थेट खात्यात जमा होते.

सेन्सर संचाच्या मोका तपासणीनंतरही बसवता येतो. कपॅसिटन्स प्रकारचा सेन्सर मातीच्या विद्युत गुणधर्मावरून ओलावा ताडतो; पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (विद्युत ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे ८०, तर कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५ असल्याने हा फरक त्याला सहज टिपता येतो. तो ड्रिपरच्या ओल्या पट्ट्यात, मुळांच्या कक्षेत वरच्या व खालच्या अशा दोन खोलींवर बसवावा आणि सभोवती माती घट्ट दाबावी, कारण पोकळी राहिल्यास ओलावा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो व नाहक पाणी सोडले जाते.